दुनळीचा जन्मदाखला

वरची वाडी, पालीजवळ,
जि. रत्नागिरी
फाल्गुन शुद्ध षष्ठी (१६ मार्च १९८६)

तीर्थस्वरूप बाबूमामांच्या चरणी,

तुमचा भाचा काशीराम याचा नमस्कार. साष्टांग असे लिहिणार होतो, पण परवापासून कंबर धरली आहे आणि खोटे लिहायची सध्या धास्ती बसली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घातलेला समजून गोड मानून घ्यावा. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे. तेवढे तुम्ही मनातल्या मनात वाचून घ्या. तुमची तब्येत कशी आहे? मामींचा दमा? थंडीत तुमच्या डाव्या हाताला, तुटलेल्या करंगळीच्या जागी, कळा येतात असे मामींनी दिवाळीत लिहिले होते. उंडीचे तेल पाठवले होते, ते पोचले का? (तरुणपणी गिरणीच्या यंत्राने नेलेली करंगळी अजून दुखावी याचे मला पूर्वी नवल वाटायचे. नसलेली वस्तू असलेल्या वस्तूपेक्षा जास्त छळते, हे मला या पंधरवड्यात चांगलेच कळले आहे.)

आपल्या दुनळी बंदुकीबद्दल तुम्हांला मी काय सांगणार? पण दुःख पहिल्यापासून सांगितल्याशिवाय हलके होत नाही, म्हणून सांगतो. माझे पणजोबा रघू हे या डोंगरातून उतरून नाट्याच्या बंदरावर गेले आणि तिथून गलबतावर खलाशी झाले. कुठल्याशा बंदरात त्यांनी एका फ्रेंच कप्तानाला बुडताना केसाला धरून वर काढले आणि कप्तानाने खूश होऊन आपली दुनळी त्यांना देऊन टाकली. (मी लहानपणी ऐकली तेव्हा गोष्टीत कप्तान एकटाच बुडत होता. आमचे वडील, आप्पा, सांगत गेले तसतशी त्याची बायकोही बुडू लागली, आणि आता त्यांना ब्याऐंशी लागल्यापासून सगळे जहाजच बुडते.) त्या दुनळीपायी आपल्या घराला मान मिळाला. शिमग्यात, होळीच्या होमाच्या दिवशी, पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकायच्या आधी पहिला बार वरच्या वाडीचा, म्हणजे आपला, मग खालच्या वाडीच्या रावजींचा, मग ढोल. आपल्याकडे जमीन बेताची, कलमे वानरांसाठी लावलेली, शिक्षण सातवीपर्यंत. गावात ताठ मानेने उभे राहायचे ते वर्षातून त्या एका बारापुरते. आप्पा आता बाजेवरून उठत नाहीत, पण होमाच्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून सहाणेवर न्यावेच लागते, आणि बार झाला की पुढच्या वर्षापर्यंत जगायला त्यांची हरकत नसते.

आता माझी जीभ. माघात गावकी बसली होती, विषय पालखीच्या नव्या गोंड्यांचा होता. रावजींनी सहज म्हटल्यासारखे म्हटले की त्यांची इंग्लंडची दुनळी आमच्या फ्रान्सच्या दुनळीपेक्षा जुनी आहे असे त्यांचे वडील सांगत, तेव्हा मानाचा एकदा विचार व्हावा. शहाण्या माणसाने अशा वेळी पान लावत बसावे. मी उभा राहिलो. देवळात, गुरवासमोर, नारळाला हात लावून बोललो की काढा दोन्हींचे वय; ज्याची दुनळी जुनी त्याचा पहिला बार, आणि आमची कमी भरली तर वरची वाडी पुन्हा मान मागणार नाही. सगळी गावकी एकमुखाने 'बरोबर' म्हणाली. (आमच्या गावकीचे एकमत मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. तेव्हाच मी घाबरायला हवे होते.) घरी येऊन आप्पांना मोठ्या फुशारकीने हे सांगितले, तर ते भिंतीकडे तोंड करून निजले आणि पेजही घेतली नाही. रावजींचा राग आला असेल असे मी धरून चाललो. मुंबईत कोणी बंदुकीतला जाणकार असेल तर पाठवा म्हणून तुम्हांला लिहिले, तर तुमचे कार्ड आले : काशा, माणसांची वये काढतात तेवढी पुरे, दुनळीच्या वाटेला जाऊ नकोस. मामा, तुम्ही आजवर इतका शहाणा सल्ला कधी दिला नव्हता, त्यामुळे तो मला ओळखू आला नाही.

मग पालीच्या डॉक्टरांच्या ओळखीने पुण्याहून सबनीस साहेब आले. निवृत्त गृहस्थ, जुन्या बंदुकांचा नाद एवढा की स्वतः उभ्या जन्मात एकही उडवलेली नाही. बरोबर एक ट्रंक, तिच्यात भिंगे, मोजपट्ट्या, मेणाच्या कांड्या आणि शिक्क्यांची चित्रे असलेले एक जाडजूड फ्रेंच पुस्तक. माणूस सज्जन, पण 'असू शकते' याच्यापुढे कधी जात नाही. चहात साखर बरोबर आहे का विचारले तरी भिंगातून पाहिल्यासारखे कपात पाहतात आणि म्हणतात, असू शकते. ते आमच्याकडे उतरले तर पक्षपात आणि रावजींकडे उतरले तरी पक्षपात, म्हणून गावकीने ठरवले की दुपारी रावजींकडे जेवायचे आणि रात्री आमच्याकडे जेवून झोपायचे. परिणाम असा की दुपारी तिकडे सुरमई झाल्याचे कळले की रात्री इकडे पापलेट व्हायलाच हवे. दुनळ्यांचे वय निघेपर्यंत दोन्ही घरांचे दिवाळे निघते की काय अशी मला भीती वाटू लागली. साहेबांचे वजन मात्र वाढले, हे भिंगाशिवाय दिसते.

साहेब म्हणाले की फ्रान्सच्या अशा बंदुकांवर साल बहुधा कोरलेले नसते. नळ्या कोणी केल्या, कोणत्या परीक्षागृहात जास्तीची दारू ठासून त्यांची परीक्षा झाली, याचे बारीक शिक्के असतात. बैलाचे दात पाहून वय सांगतात तसे शिक्के पाहून बंदुकीचे सांगायचे. आता आपल्या दुनळीला दातच नाहीत. दर खंडेनवमीला ती आधी राही आजीने, मग आईने आणि आता आमच्या मंडळीने, सखूने, आमसुलाचे पाणी, राख आणि काथ्या घेऊन अशी घासली आहे की वरची सगळी नक्षी गुळगुळीत झाली. उरलेसुरले जे होते त्यात वर्षानुवर्षांचे कुंकू तेलासकट बसले आहे. घोड्याखालच्या पत्र्यावर एक पक्षी होता, तो आता आंब्याची कोय दिसतो. साहेबांनी भिंग लावले, काढले, डोळे मिटून घेतले आणि म्हणाले की हे तुम्ही पुसून टाकलेत. सखू माजघराच्या दारात फुंकणी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मंग काय देवापुढं काळी ठेवायची व्हती?"

पण हार मानतील ते साहेब कसले. नळीच्या आतला ठसा घ्यायला ते मेण पातळ करत चुलीपाशी बसले. सखू त्यांच्या नाकाशी फुंकणी धरून फुंकत होती, धुराने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तशात ते मला समजावत होते की पणजोबांच्या काळच्या उंची नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, ठोकून केलेल्या असत. आंबट पाण्याने धुतल्या की त्यांच्यावर वाऱ्याने तळ्यावर उठतात तशा लाटा दिसतात. आपल्या नळ्या सपाट. मी खचलो, तर म्हणाले निराश होऊ नका, तेव्हा साध्याही असत. असू शकते. मग त्यांनी नळ्यांखालचे लाकूड अंगठ्याने दाबले आणि ते टक् करून हातात आले. आप्पा बाजेवरून ओरडले, "मोडली! मेल्यानं मोडली!" (ते लाकूड निघते हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हते. ते निघाल्यावर नळ्याही सुट्या होतात हेही नव्हते.) आणि मामा, आत, जिथे राख पोचली नाही, आमसूल पोचले नाही, कुंकू पोचले नाही, तिथे सगळे शिक्के कालच मारल्यासारखे लखलखीत! मुकुट होता, माडाच्या झावळ्यांसारखी दोन पाने एकमेकांवर होती, फ्रान्सातल्या गावाचे नाव होते, नळीच्या भोकाचे माप होते. मी तिथल्या तिथे नारळ फोडला आणि सगळ्या वाडीत गूळखोबरे वाटून आलो. मी नेहमी आधी वाटतो आणि मग विचारतो.

परत आलो तर साहेब पुस्तक मिटून बसले होते. मुकुटाखाली दोन अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ बिनधुराच्या दारूची परीक्षा झाली असा, आणि तो शिक्का मारू लागले तो पणजोबा प्लेगात वारल्यानंतर. शिवाय नळ्या करणाऱ्याचे नाव आणि एकूण घडण पाहता बंदूक पहिल्या महायुद्धाच्याही नंतरची, तीसच्या आसपासची असू शकते. मी विचारले, अठराशे तीस? ते फार मायेने म्हणाले, एकोणीसशे. मी म्हटले, निदान चीज तरी उंची आहे ना? तर म्हणाले की चांगली, टिकाऊ, कारखान्यातली आहे. फ्रान्सातले शेतकरी ससे मारायला ठेवत तशी. ससे! ज्या दुनळीच्या आवाजाने पालखी टेकते ती ससे मारायची! रावजींची दुनळी दुसऱ्या दिवशी पाहिली. ती बर्मिंगहॅमची, आणि आपल्यापेक्षा निदान पंचवीस वर्षांनी जुनी. साहेब हा निकाल होमाच्या आदल्या दिवशी देवळात सांगणार आहेत. तोवर दुसऱ्या कोणालाही सांगणार नाहीत, कारण माणूस तत्त्वाचा आहे.

त्या तत्त्वाला हात घालून पाहिला. मी म्हटले, साहेब, गावातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी शाळेत घालताना एक जूनला जन्माला घातले आहे. वय मागेपुढे करून सगळे नोकरीला लागले, पेन्शनीत निघाले, कोणाचे काही बिघडले नाही. या मुक्या दुनळीला थोडी मागे नेली तर देव रागावेल काय? साहेब दुखावले. त्या रात्री त्यांनी पापलेटाची एकच तुकडी घेतली.

मामा, मी आता काय करू? एक तर पणजोबांनी मेल्यानंतर तीस वर्षांनी समुद्रात उडी मारून कप्तानाला वाचवले, नाहीतर आपल्या घराने तीन पिढ्या गावाला फसवले. मला तर पणजोबा होते की नाहीत याचीच शंका येऊ लागली आहे. रात्री दुनळीकडे पाहिले की परक्या घरची पाहुणी येऊन कायमची राहिल्यासारखी वाटते. मान जाणारच, तो मी स्वतःच्या तोंडाने घालवला. पण आप्पांना कसे सांगू? त्या माणसाजवळ एक गोष्ट आहे आणि एक बार आहे. दोन्ही काढून घेतल्यावर बाजेवर उरणार काय? मला वाईट वाटते, मामा. फार वाईट वाटते. देवळात निकाल लागेल तेव्हा सगळी गावकी आप्पांच्या खुर्चीकडे बघणार, आणि ती खुर्ची मी स्वतः उचलून तिथे ठेवलेली असणार.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच; तो पत्र वाचूनही राहिला तर कळवावे.

तुमचा हतभागी भाचा,
काशीराम

ता. क. : पत्र लिहिण्याचे खरे कारण राहूनच गेले. तुम्ही होमाच्या आधी येऊन आप्पांना मोतीबिंदू दाखवण्याच्या निमित्ताने मुंबईला घेऊन जा. शिमगा संपला की परत आणा. विचारले तर मी सांगेन की पहिला बार आपलाच झाला. खोटे लिहिण्याची धास्ती आहे असे वर म्हटले आहे, पण बोलण्याची अजून बसलेली नाही. मोतीबिंदू खरा आहे, त्याची काळजी नको.

ता. क. दुसरा (सप्तमी, सकाळ) : वरचे पत्र पेटीत टाकायला निघालो होतो. आप्पांनी हाक मारून थांबवले आणि विचारले, "किती सालची निघाली?" मी पत्र पाठीमागे लपवले. तेव्हा ते छपराकडे बघत म्हणाले, "तिसाच्या आसपासची असंल."

मामा, तुमची करंगळी गिरणीने नेलेली नाही. मला सगळे कळले. आईच्या लग्नानंतर तुम्ही बहिणीकडे आलात, मिसरूड फुटायच्या वयात पणजोबांची दुनळी घेऊन डुकरामागे गेलात, दम लागला म्हणून ती उलटी धरून बांधाच्या चिखलात टेकलीत, आणि डुक्कर दिसल्यावर नळीतला चिखल न पाहता चाप ओढलात. नळी मधोमध फुटली. आप्पांनी आपले धोतर फाडून तुमचा हात बांधला आणि तुम्हांला खांद्यावर घालून पालीपर्यंत नेले. आई तेव्हा माझ्या वेळी गरोदर होती. माहेरच्या पोराने घराचा मान फोडला हे कळले असते तर सासरी तिला जन्मभर टोमणे खावे लागले असते. म्हणून आप्पा गप्प राहिले, तुम्ही मुंबईला पळालात, गिरणीत लागलात, हात यंत्रात गेला असे सगळ्यांना सांगितलेत, आणि पुढच्या शिमग्याला ही ससे मारायची दुनळी घेऊन आलात. दुकानात तुम्ही फक्त फ्रान्सची आहे का एवढेच विचारलेत म्हणे. (परवान्यावर 'फ्रेंच दुनळी, एक' एवढेच लिहिलेले होते, त्यामुळे सरकारला पत्ता लागला नाही. गावात कोणी म्हणाले की यंदा फार चमकते, तर आप्पांनी सांगितले, त्यांच्या आईने घासली. आणि राही आजीने, जिला यातले काही ठाऊक नव्हते, ते खुशाल कबूल केले.) म्हणजे पणजोबा खरे, कप्तान खरा, त्याचे बुडणे खरे. खोटी फक्त दुनळी. आप्पा म्हणाले, "तुझी आय असती तर अजून बोल्लो नसतो. ती गेली. आता कुणाला कोण बोलणार?" आणि मग ते रडले. मीही रडलो.

आजोबांची वस्तू टाकवेना म्हणून आप्पांनी चापाकडची धड राहिलेली अर्धी नळी परगावच्या लोहाराकडून सुटी करून आणली होती. ती कुठे आहे विचारले, तर त्यांनी चुलीकडे हात केला. सखू फुंकत होती. फुंकणी! पन्नास वर्षांहून जास्त आधी आई फुंकत होती, मग सखू. ती मी हिसकावून अंगणात उजेडात नेली. रोज राखेने आणि आमसुलाने घासून तिच्यावर अंगभर लाटा उठल्या आहेत, अगदी तळ्यावरच्या. जाड टोकाला काजळी खरवडली तर बारीक शिक्का. सबनीस साहेबांना दाखवली. आठवडाभर जिचा धूर खाल्ला तिला भिंग लावून ते लाकडांच्या ढिगावर बसले आणि म्हणाले, अठराशे सत्तरच्या पुढची नाही. मामा, 'असू शकते' म्हणाले नाहीत.

पण ते म्हणतात की नळीचे वय मी देवळात सांगेन, ती तुमच्याच दुनळीची हे मी कसे सांगू? आणि रावजी विचारणारच. फुंकणी घरटी आहे, त्यांच्याकडेही आहे. याला साक्ष एकच, तुमच्या हातावर नसलेली. आप्पांना म्हटले, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "करंगळी त्याची हाय. त्यानं सांगितलं तर सांगायचं." तेव्हा मोतीबिंदूचे विसरा. आप्पा कुठेही जाणार नाहीत, तुम्हीच या. होमाच्या आधी गाडीत बसा, देवळात उभे राहा आणि हात वर करा. नको वाटले तर तसे लिहा. ते पत्र चुलीत जाईल, मान रावजींकडे जाईल आणि मी कोणाजवळ बोलणार नाही. मात्र आलात तर आप्पांचा निरोप असा की यंदाचा पहिला बार बाबूनेच काढायचा, नळीत आधी बघून.

ता. क. तिसरा : सखू फुंकणी देवळात न्यायला देत नाही. म्हणते मान तुमचा, चूल माझी. आधी दुसरी आणा, मग ही न्या. सकाळपासून चूल पेटलेली नाही, आप्पांची पेज नाही, साहेब चहावाचून भिंग पुसत बसले आहेत. तेव्हा तुम्ही याल न याल, एक फुंकणी मात्र मिळेल त्या माणसाबरोबर पाठवा. लोखंडी, साधी, आणि नवी कोरी. जिची काही गोष्ट नाही अशी.